गाळाचा कण कुठल्या टोकाकडे धावतो : झेटा मीटरसोबत एक पावसाळा

मी कृष्णाकाठच्या एका गावाच्या जलशुद्धीकरण केंद्रात केमिस्ट आहे. तेवीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुरटीचा डोस ठरवायला माझ्याकडे दोनच आधार होते. एक जार टेस्टचं यंत्र, म्हणजे सहा काचपात्रांत वेगवेगळा डोस घालून कुठल्याने पाणी निवळतं ते बघायचं, आणि दुसरा आमच्या फिल्टर हाऊसवरच्या ऑपरेटर अण्णांची नजर. गेल्या पावसाळ्यात तिसरा आधार आला. एका विक्रेत्याने कॅमेरा बसवलेलं, सूक्ष्मदर्शकाचं झेटा मीटर जूनअखेरपासून सप्टेंबरपर्यंत वापरून बघायला दिलं. पाण्यात तरंगणाऱ्या बारीक कणांवर किती विद्युतभार आहे याचा अंदाज देणारं हे यंत्र. माझ्या ओळखीतल्या एकाही फिल्टर हाऊसवर ते नाही. आमच्यासारख्या केंद्रांनी ते घ्यावं का, हा प्रश्न मला तीन-चार सहकाऱ्यांनी विचारला, म्हणून सविस्तर लिहिते.

निकाल आधी सांगते. पाचपैकी साडेतीन. जुलै-ऑगस्टच्या पुराच्या पाण्यासाठी पूर्ण पाच, पाऊस थांबल्यावरच्या स्वच्छ पाण्यासाठी जेमतेम दोन. कंपनीचं नाव लिहीत नाही. मला मिळालेलं युनिट डेमोसाठी फिरून आलेलं होतं, त्याच्या खोडी नव्या यंत्रातही असतीलच असं नाही. मी लिहितेय ते या जातीच्या मीटरबद्दल.

आधी आमचं पाणी. पहिला मोठा पाऊस झाला की कृष्णा लाल होते. महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारावरचा जांभा, त्यातली लोहाची माती वाहून येते. नंतर खालच्या शेतांमधली काळी माती मिसळते आणि रंग चहासारखा होतो. जाड रेती जॅकवेलच्या, म्हणजे नदीचं पाणी उचलायच्या विहिरीच्या, आधीच बसते. त्रास देतो तो एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि त्याच्याही खालचा गाळ. एक मायक्रॉनचा मातीचा कण स्वतःच्या वजनाने मीटरभर खाली यायला अकरा-बारा दिवस घेतो. आमच्या क्लॅरिफायरमध्ये, म्हणजे गाळ बसवायच्या टाकीत, पाणी थांबतं जेमतेम तीन तास. म्हणजे कण एकमेकांना चिकटून मोठे झाले तरच ते बसणार. आणि ते चिकटत नाहीत, कारण सगळ्यांवर सारखाच, ऋण भार असतो आणि जवळ आले की ते एकमेकांना ढकलतात. तुरटी टाकायची ती हे ढकलणं मोडायला. हे सगळं मी एमएस्सीला शिकले होते, परीक्षेत लिहिलं होतं, नव्या ऑपरेटरांना सांगितलंही होतं. पण डोळ्यांनी पाहिलं नव्हतं.

यंत्र दिसायला साधं आहे. दहा सेंटिमीटर लांब, चार मिलिमीटर आतल्या व्यासाची काचेची नळी. दोन्ही टोकांना इलेक्ट्रोड. नळीवर सूक्ष्मदर्शक, त्याच्या डोक्यावर कॅमेरा, शेजारी लॅपटॉप. उजेड बाजूने पडतो, त्यामुळे पडदा काळा दिसतो आणि कण उजळ. बंद खोलीत कवडशातून धूळ दिसते ना, तसे. बटण दाबलं की शंभर व्होल्टचा दाब लागतो आणि सॉफ्टवेअर एकेका कणाचा माग काढतं.

पहिल्या दिवशी मी इंटेकचं कच्चं पाणी भरलं. अण्णा मागे उभे होते. दाब लावण्याआधी कण जागच्या जागी थरथरत होते, हळूहळू खाली सरकत होते. बटण दाबलं आणि अख्खा पडदा डावीकडे निघाला. अण्णा पुढे वाकले. म्हणाले, "मॅडम, ह्ये समदं एकाच अंगाला पळाय लागलंय की!" मी तारांची अदलाबदल केली. सगळे कण एका क्षणात वळले आणि उजवीकडे निघाले. डावीकडे होतं तेव्हा डावं टोक धन होतं, आता उजवं. अण्णांना मी एवढंच सांगितलं, "अण्णा, हे सगळे ऋण आहेत, म्हणून धनाकडे पळतात." ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे आपून तुरटी टाकतो ती ह्येंचं पळणं थांबवाय." तेवीस वर्षांत याहून नेमकं वाक्य मी कुणाला समजावताना वापरलं नव्हतं.

हा प्रयोग दोनशे वर्षांहून जुना आहे. मॉस्कोत रॉइस नावाच्या प्राध्यापकाने ओल्या चिकणमातीत काचेच्या दोन नळ्या खोचल्या, त्यांत पाणी भरलं आणि व्होल्टाच्या बॅटरीच्या तारा सोडल्या. धन टोकाच्या नळीत माती वर चढून पाणी गढूळ झालं, आणि ऋण टोकाच्या नळीत पाण्याची पातळी वाढली. १८०९ साली त्याने हे प्रसिद्ध केलं. त्यातली पहिली नळी म्हणजे आमच्या पडद्यावर पळणारे कण. दुसऱ्या नळीची आठवण मला पंधरा दिवसांनी, चूक झाल्यावर झाली. ते पुढे सांगते.

आता यंत्राच्या आकड्याबद्दल, कारण खरेदीचा विचार करणाऱ्याने हे आधी समजून घ्यायला हवं. पडद्यावर शेवटी येतं ते असं : झेटा उणे १८ मिलिव्होल्ट. झेटा म्हणजे कणाच्या पृष्ठभागालगतचा विद्युतदाब. वाटतं की यंत्राने कणावरचा भार मोजला. यंत्राने भार मोजलेला नाही, वेग मोजला आहे. दहा सेंटिमीटरला शंभर व्होल्ट म्हणजे दर सेंटिमीटरला दहा व्होल्ट. त्यात आमचा कण सेकंदाला चौदा मायक्रॉन सरकला. माणसाचा केस सत्तर मायक्रॉनचा धरला, तर तो ओलांडायला त्याला पाच सेकंद लागतील. चौदाला दहाने भागलं की १.४, ही कणाची चलता, म्हणजे दर सेंटिमीटरला एक व्होल्ट असताना त्याचा वेग. तिला १२.८ ने गुणलं की १८. हा १२.८ आकडा स्मोलुखोव्स्कीच्या १९०३ च्या सूत्रातून येतो, आणि तो फक्त पाण्याला आणि फक्त २५ अंश तापमानालाच लागू पडतो. मी हा गुणाकार पहिल्याच दिवशी कागदावर करून पाहिला. प्रत्येकाने करावा. यंत्रावरचा विश्वास त्याने वाढतो आणि त्याची मर्यादाही कळते.

मर्यादा अशी. पाणी २० अंशांचं असेल आणि सेटिंगमध्ये २५ राहिलं असेल, तर थंड पाणी दाट असल्याने कण हळू पळतो आणि आकडा जवळपास दहा टक्के कमी येतो. दुसरं, कण खूपच बारीक असेल, पाण्याला रंग देणाऱ्या ह्युमिक पदार्थासारखा काही नॅनोमीटरचा, तर स्मोलुखोव्स्कीचं सूत्रच लागू होत नाही. तिथे ह्युकेलचं सूत्र लागतं आणि त्याच वेगावरून झेटा दीडपट निघतो. आमच्या गाळाला पहिलं सूत्र चालतं. पण सॉफ्टवेअर हे विचारत नाही, आपलं आपण ठरवून मोकळं होतं. अमेरिकेच्या एनआयएसटी या प्रमाण संस्थेने गोएथाइट या लोहखनिजाच्या कणांचं एक प्रमाणद्रव्य तयार केलं, एसआरएम १९८०. त्याच्या प्रमाणपत्रावर झेटा प्रमाणित केलेला नाही, चलता केलेली आहे : अधिक २.५३, कमीजास्त ०.१२. इतक्या काटेकोर माणसांनी वेगावर सही केली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मी माझ्या वहीतही चलतेचा रकाना आधी आखला, झेटाचा नंतर.

वहीत आणखी तीन रकाने होते, आणि त्यांच्याशिवाय मी एकही आकडा लिहिला नाही : पीएच, कंडक्टिव्हिटी (पाणी किती वीज वाहून नेतं, म्हणजे त्यात क्षार किती याचा अंदाज), तापमान. हे तिन्ही नसतील तर झेटाच्या आकड्याला काहीच अर्थ उरत नाही. कणाभोवती उलट भाराच्या आयनांचं, म्हणजे विरघळलेल्या क्षारांच्या भारित अंशांचं, एक आवरण असतं. पाण्यात क्षार कमी तर ते पसरट, क्षार जास्त तर चिंबून चिकटलेलं. पावसाळ्यात आमच्या नदीची कंडक्टिव्हिटी दोनशे मायक्रोसीमेन्सच्या आसपास असते, त्या पाण्यात आवरणाची जाडी पाच-सहा नॅनोमीटर येते. तीच माती बोअरच्या खाऱ्या पाण्यात टाकली तर आवरण दाबलं जाईल आणि आकडा वेगळा येईल. माती तीच, भारही बराचसा तोच.

इथेच मी पहिली मोठी चूक केली. पुराच्या पाण्याची टर्बिडिटी, म्हणजे गढूळपणा, ४०० एनटीयू (गढूळपणा मोजायचं एकक) होती, पडद्यावर नुसता पांढरा चिखल दिसत होता, एकेक कण सुटा दिसेना. मी नमुना डिस्टिल्ड वॉटरने दहापट पातळ केला. आकडा आला उणे ३०. दुसऱ्या दिवशी शंका आली, कारण जार टेस्ट नेहमीसारखीच तुरटी मागत होती. मग तेच नदीचं पाणी ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळलं आणि त्या गाळलेल्या पाण्याने नमुना पातळ केला. आकडा आला उणे १७. डिस्टिल्ड वॉटर घातल्याने मी कणाभोवतीचे क्षारच काढून घेतले होते. तेव्हापासून नियम एकच : नमुना पातळ करायचा तो त्याच्याच गाळलेल्या पाण्याने. सोबत मिळालेल्या पुस्तिकेत हे एका ओळीत होतं, पण ती ओळ मोठ्या अक्षरात पहिल्या पानावर हवी.

दुसरी चूक रॉइसच्या दुसऱ्या नळीची. जुलैच्या मध्यात एका सकाळी आकडे अचानक उणे ३१, उणे ३३ असे येऊ लागले. नदी तशीच, पीएच तोच, कंडक्टिव्हिटी तीच. अर्धा दिवस मी पाण्यात कारण शोधत बसले. कारण सूक्ष्मदर्शकाच्या फोकसमध्ये होतं. काचेलाही पाण्यात ऋण भार येतो, त्यामुळे वीज लागली की भिंतीलगतचं पाणी ऋण टोकाकडे सरकतं. नळी दोन्हीकडून बंद, मग तेच पाणी मधून उलट, धन टोकाकडे परततं. म्हणजे मध्यभागी पाहिलं तर कणाला पाण्याचा धक्का मिळून तो खऱ्यापेक्षा जोरात पळतो, आणि भिंतीजवळ पाहिलं तर मागे ओढला जातो. दोन्हींच्या मध्ये एकच थर असा असतो जिथे पाणी स्थिर असतं. गोल नळीत तो भिंतीपासून व्यासाच्या ०.१४७ पट अंतरावर असतो. आमच्या चार मिलिमीटरच्या नळीत ०.५९ मिलिमीटर. नळी धुऊन परत बसवताना माझा फोकस त्या थरावरून सुटून मध्याकडे गेला होता. परत ०.५९ वर आणलं आणि उणे १८ आलं. तेव्हापासून रोज पहिला नमुना लावण्याआधी मी प्रमाणित लॅटेक्स, म्हणजे झेटा आधीच ठाऊक असलेल्या कणांचं द्रव, लावून बघायचे. त्या बाटलीवर उणे ४२, कमीजास्त ४.२ लिहिलेलं असतं. दहा टक्क्यांची मुभा प्रमाणद्रव्यातच आहे, तेव्हा नमुन्याच्या एक-दोन मिलिव्होल्टच्या फरकावरून डोस बदलायला मी कधीच सांगणार नाही.

लेसरवर चालणाऱ्या नव्या मीटरांमध्ये हा फोकसचा प्रश्न बराच सुटलेला आहे. ते विजेची दिशा इतक्या भराभर बदलतात की भिंतीजवळच्या पाण्याला वाहायला वेळच मिळत नाही, आणि कणांवरून परतणाऱ्या प्रकाशलहरीच्या कलेतल्या (फेजमधल्या) बदलावरून वेग काढतात. मी आमचे चार नमुने एका विद्यापीठातल्या तशा यंत्रावरही फी भरून तपासून घेतले. आकडे माझ्या आकड्यांच्या दोन-तीन मिलिव्होल्टमध्ये आले, मला समाधान वाटलं. पण अहवालात पीएच नव्हता, कंडक्टिव्हिटी नव्हती, नमुना कशाने पातळ केला ते नव्हतं. फोन करून विचारलं तेव्हा सांगितलं. फी घेणाऱ्या प्रत्येक लॅबने हे न मागता लिहायला हवं. तरीही आमच्यासारख्या कामाला मला सूक्ष्मदर्शकाचंच यंत्र जास्त आवडलं, आणि त्याचं कारण जुलैच्या एका रात्री कळलं.

त्या संध्याकाळी टर्बिडिटी ६० होती. रात्री नऊला २१०, साडेदहाला ३८०. धरणातून पाणी सोडल्याचा निरोप आला होता. त्या महिन्यात तुरटीबरोबर आमच्याकडे पॉलिअ‍ॅल्युमिनियम क्लोराइड, म्हणजे सगळे ज्याला पॅक म्हणतात ते तुरटीसारखंच गाळ बसवणारं रसायन, आलं होतं. आमचा डोसचा तक्ता जुना, तुरटीसाठी केलेला. अंदाजाने पॅक दर लिटरला ३५ मिलिग्रॅम सुरू झालं. तासाभराने क्लॅरिफायरच्या कडेवरून पाणी दुधाळ येऊ लागलं. अशा वेळी कुणाचाही हात डोस वाढवायलाच जातो, अण्णांचाही गेला. मी म्हटलं, "अण्णा, दहा मिनिटं थांबा." जार टेस्टला ढवळणं, हळू ढवळणं, अर्धा तास बसू देणं, सगळं धरून तासभर लागतो. मीटरला दहा मिनिटं.

फ्लॅश मिक्सरच्या, म्हणजे डोस पाण्यात जोरात मिसळणाऱ्या यंत्राच्या, पुढचं पाणी भरलं. बटण दाबलं. आणि कण ऋण टोकाकडे निघाले. थोडे मागे, थोडे पुढे, पण बहुतेक सगळे उलट्या दिशेला. आकडा अधिक ९. पॅकमधल्या अ‍ॅल्युमिनियमच्या मोठ्या धनभारित गटांनी कणांना इतकं झाकलं होतं की कण आता धनभारित झाले होते, आणि धन धनाला ढकलत होते. डोस वाढवला असता तर दूध आणखी दाट झालं असतं. मग मी चार बीकरमध्ये वेगवेगळा डोस घालून एकेक नमुना पाहिला. वीसला उणे ३. पंचवीसला जवळपास शून्य, आणि ते दृश्य मी विसरणार नाही : दाब लावलेला आहे, आणि कण कुणाकडेच जात नाहीत. उभे आहेत, एकमेकांवर आपटतात, आणि चिकटतात. पडद्यावर डोळ्यांदेखत दोनाचे चार झाले. अण्णांनी पंप वीस-बावीसवर आणला. पहाटे तीनला कडेवरून पाणी नितळ येत होतं, गाळणीवर जाताना ४ एनटीयू.  गाळून झाल्यावर १ च्या आत. भारतीय मानकाची स्वीकार्य मर्यादा १ आहे, पर्याय नसेल तर ५.

लेसरच्या यंत्राने मला अधिक ९ हा आकडा दिला असता. पण कण उलटे पळताना अण्णांनी पाहिले नसते, आणि मग रात्री साडेअकराला डोस कमी करायला ते माझ्या शब्दावर तयार झाले असते का, मला शंका आहे.

एवढं कौतुक केल्यावर पाऊस थांबल्यावरचं सांगितलं पाहिजे. सप्टेंबरअखेर पाऊस थांबला, पाणी स्वच्छ आणि जड होऊ लागलं, पीएच ७.९ वर गेला. मी उत्साहाने शून्याच्या मागे लागले. तुरटी वाढवत नेली तरी आकडा उणे ८, उणे ९ च्या वर येईना. जार टेस्टमध्ये मात्र तीसच्या डोसलाच बीकरमधलं पाणी निवळलेलं. कारण अशा पाण्यात तुरटी भार मारून काम करत नाही. तिच्यातून अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा कापसासारखा साका तयार होतो आणि तो खाली बसताना कणांना आपल्यात गुंडाळून घेऊन जातो. कणांवर भार राहिला तरी चालतं. शून्य गाठण्याच्या हट्टाने मी तुरटी दुप्पट केली असती तर पाण्याची अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल पचवायची ताकद, खाल्ली गेली असती, साधारण दर मिलिग्रॅम तुरटीमागे अर्धा मिलिग्रॅम, आणि शिल्लक अ‍ॅल्युमिनियमही वाढलं असतं. म्हणून सहकाऱ्यांना कळकळीने सांगते की शून्याचं लक्ष्य भिंतीवर लिहून ऑपरेटरला देऊ नका. आपल्या पाण्याची जार टेस्ट आणि मीटर महिनाभर शेजारी शेजारी चालवा. ज्या आकड्याला आपलं पाणी निवळतं तो आपला आकडा. आमचा पावसाळ्यात पॅकला उणे ४ ते अधिक २ होता. तुमचा वेगळा असेल. तीस मिलिव्होल्टच्या वर असेल तर कण न चिकटता तरंगत राहतात असा एक ठोकताळा सगळीकडे लिहिलेला असतो, तोही रंग किंवा औषधं बनवणाऱ्यांच्या कामाचा. आमची कृष्णा उणे १७ वर असतानाही आठवडाभर गढूळ राहते.

एका सुट्टीच्या दिवशी मी मीटरवर आमच्या कामापलीकडचं काही लावून पाहिलं. माझी आजी पावसाळ्यात माठाच्या आतल्या बाजूला निवळीचं बी घासायची, सकाळपर्यंत पाणी स्वच्छ. सुश्रुताच्या ग्रंथात या बीचं नाव कतक आहे, आणि आपल्याकडे तिचं नावच निवळण्याशी जोडलेलं. तिकडे सुदानमध्ये बायका नाईलचं पाणी शेवग्याच्या बीने निवळतात. मी दोन्ही बिया वाटून, गाळून, एकाच नदीच्या पाण्यात घातल्या. शेवग्याने कण मंदावले. उणे १७ वरून उणे ५. त्याच्या बीमधली प्रथिनं धनभारित आहेत, ती तुरटीसारखंच काम करतात. निवळीच्या बीकरमध्येही पाणी निवळलं, गाठी छान झाल्या, पण मीटरवर कण जवळपास त्याच वेगाने धन टोकाकडे पळत होते. उणे १६. तीनदा केलं, तीनदा तेच. निवळीचे लांब रेणू स्वतःच ऋणभारित असतात. ते भार मारत नाहीत, एका कणाला एका टोकाने आणि दुसऱ्याला दुसऱ्या टोकाने धरून पूल बांधतात. पडद्यावर गाठीच्या गाठी एकत्र पळताना दिसत होत्या. आजी जे करत होती आणि आम्ही जे करतो त्यात हा फरक आहे हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं, आणि मी त्या दिवशी घरी जाऊन आईला फोन करून सांगितलं.

एमएस्सीच्या वर्गात आम्हाला कोलकात्याच्या ज्ञानेंद्रनाथ मुखर्जींचं नाव एकदाच ऐकवलं गेलं होतं. कलिल, म्हणजे द्रवात तरंगत राहणाऱ्या अतिसूक्ष्म, कणावर भार येतो कुठून आणि क्षार घातल्यावर तो जातो कसा, यावर त्यांचा निबंध १९२१ साली लंडनच्या फॅरडे सोसायटीच्या नियतकालिकात आला. तो विषय आमच्या तुरटीच्या टाकीचाच आहे. हे त्या वर्गात कुणी जोडून दाखवलं असतं तर बरं झालं असतं.

आता तक्रारी. नळीची जोडणी कच्ची आहे. इलेक्ट्रोड बसवताना हवेचा बुडबुडा राहिला की कण वेडेवाकडे धावतात, आणि बुडबुडा काढायला कधी कधी नमुना बसवण्यापेक्षा जास्त वेळ जातो. गाळ नळीत वाळला की काचेचा भार बदलतो, म्हणून प्रत्येक नमुन्यानंतर लगेच धुवावीच लागते. आमच्या एका शिकाऊ मुलाने नळी रात्रभर तशीच ठेवली, ती परत नीट चालायला दोन दिवस गेले. ऑगस्टमध्ये एक नळी तडकली आणि दुसरी यायला एकोणीस दिवस लागले, ऐन पुरात. विक्रेत्याचा माणूस नम्र होता, फोन उचलायचा, पण माल त्याच्या हातात नव्हता. सॉफ्टवेअरच्या छापील अहवालात कंडक्टिव्हिटीची जागा आहे पण ती आपण भरावी लागते, आणि रिकामी ठेवली तरी अहवाल निघतो. निघू नये. कणांची निवड हाताने करता येते ही सोय चांगली, पण तिच्यामुळे मोजणारा नकळत जोरात पळणारे, ठळक कणच निवडतो. मी अण्णांना आणि स्वतःला वेगवेगळं मोजायला लावलं, आमच्यात सुरुवातीला चार मिलिव्होल्टचा फरक यायचा. पन्नासऐवजी शंभर कण घेतल्यावर तो एकदीडवर आला.

किंमत लाखांत आहे. छोट्या गावाने यासाठी जार टेस्टचं यंत्र किंवा चांगला टर्बिडिटी मीटर मागे ठेवू नये, ते दोन्ही आधी. ज्यांच्या नदीची टर्बिडिटी एका रात्रीत पाचपट होते, ज्यांच्याकडे पॅक वापरतात आणि निदान एक माणूस रोज लॅटेक्स लावून बघायला तयार आहे, त्यांनी जरूर घ्यावं. दोन-तीन शेजारच्या गावांनी मिळून एक घेतलं तरी चालेल. नमुना मात्र दोन तासांत मोजला पाहिजे, बाटलीत कण आपोआप गाठी धरू लागतात. घेताना किमतीत निदान तीन जादा नळ्या, इलेक्ट्रोडचा एक जादा जोड आणि लॅटेक्सच्या दोन बाटल्या लेखी धरून घ्या. ०.२ मायक्रॉनचे फिल्टर पेपर वेगळे मागवा, ते कुणीच देत नाही.

आमचं युनिट पाच ऑक्टोबरला परत गेलं. पुढच्या अंदाजपत्रकात मी मागणी टाकली आहे, सोबत त्या जुलैच्या रात्रीच्या वहीची पानं जोडली आहेत. त्या पानांखाली अण्णांनीही सही केली आहे.